आमच्या घरी हंस कापत नाहीत

हंस चावतो, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे कॅलेंडरवरच्या हंसाची भूल उतरेल आणि पुढचं नीट बोलता येईल. माझ्या डाव्या दंडावर एक डाग आहे. लोकांना वाटतं तो लहानपणच्या लसीचा. तो हंसाचा आहे. चोचीत कातडी धरून हा प्राणी तिला पीळ देतो, वर पंखाने ठोसे हाणतो, आणि एवढं करून मान उंच ठेवून असा निघून जातो की गुन्हा जणू आपलाच. नोकरीत साहेब लोक पुष्कळ पाहिले, पण ही चाल एकालाही साधली नाही.

मी रायपूरची, तात्यापाऱ्यातली. इकडे आळीला पारा म्हणतात. आमची माणसं मराठ्यांच्या अमदानीत इकडे आली आणि इथलीच होऊन गेली. घरात मराठी, दारात हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असं आमचं चालतं. मी जनावरांची डॉक्टर. सरकारी दवाखान्यात रुजू झाले तेव्हा तिथे मी एकटीच बाई होते. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायची माझी तयारी होती, पण मोठ्या साहेबांना ते बघवेना. "मॅडम, आप तो मुर्गी-उर्गी देख लीजिए," म्हणून त्यांनी माझी सोय लावली. आता कोंबड्यांच्या मोठ्या फार्मवाल्यांकडे स्वतःचे डॉक्टर असतात. त्यामुळे माझ्या वाट्याला आलं ते उरलंसुरलं. बदकं, बटेर, कुणाचा तरी मुका झालेला पोपट आणि हंस. पहिली दोन वर्षं मी रागात काढली. मग हंसांमध्ये जीव अडकला तो निवृत्तीपर्यंत सुटला नाही.

रायपूरजवळच्या माना गावी बंगाली वस्तीत तेव्हा बऱ्याच घरी हंस असत. तिथून जोड्या इकडेतिकडे जात. कुणी राखणीला ठेवी, कुणी शोभेला, कुणी पिल्लं विकायला. नव्या रायपूरच्या एका बंगल्यातल्या मॅडम त्यांच्या दोन हंसांना फिल्टरचं पाणी पाजत. मी औषधासाठी वजन विचारलं, तर त्यांनी न्हाणीघरातला वजनाचा काटा आणवला आणि हंसाला कडेवर घेऊन स्वतःच त्याच्यावर उभ्या राहिल्या. मग हंसाशिवाय पुन्हा उभं राहायला मात्र तयार होईनात. नुसत्या त्यांचं वजन मला कळलं असतं ना! शेवटी मी अंदाजाने औषध दिलं.

बदक आणि हंस यांत लोक घोटाळा करतात. बदक पाण्याचं, हंस गवताचा. पाणी त्याला आंघोळीपुरतं. बाकी दिवसभर तो गाईसारखा चरतो. आणि जो चरतो त्याला जंत होतात, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. जंताची अंडी विष्ठेतून गवतात पडतात. ओल मिळाली की त्यांतून डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या निघतात, गवताच्या पात्यावर चढतात आणि पुढचा हंस ते पातं खाईपर्यंत वाट बघतात. मोठ्या हंसाच्या पोटात थोडेफार जंत असले तरी त्याचं काही अडत नाही. तो धडधाकट दिसतो आणि कुरणभर अंडी पेरत हिंडतो. मरतं ते पिल्लू.

सिलतऱ्याच्या एका कारखान्यातून मला एकदा निरोप आला की चौकीदार खोकून राहिले आहेत. मी म्हटलं, मग माणसांच्या डॉक्टरला बोलवा. तर हे चौकीदार म्हणजे तारेच्या कुंपणात सोडलेले नऊ हंस. तिथल्या सुरक्षा अधिकाऱ्याची खात्री होती की धुराने त्यांच्या छातीत भरलं आहे, आणि तो त्यांना रोज तुळशीचा काढा पाजत होता. हंस मान ताणून, चोच वासून श्वास ओढत होते. एक मेलेला होता. मी कँटीनमागच्या फरशीवर तिथेच त्याला उघडला, श्वासनळी चिरली आणि आत चिकटलेले लाल दोऱ्यासारखे जंत अधिकाऱ्याला दाखवले. दहा मिनिटांचं काम. औषध दिलं, आठवड्याभरात चौकीदार कामावर रुजू झाले आणि पहिल्याच दिवशी मोठ्या मॅनेजरांना चावले.

हे सांगते ते एवढ्यासाठी, की पक्ष्यांच्या डॉक्टरचं सगळं शहाणपण एका वाक्यात मावतं. मेलेला पक्षी उघडून बघा. पक्षी जिवंतपणी दुखणं लपवतो, शेवटच्या दिवसापर्यंत. मेल्यावरच तो खरं बोलतो. हे मला चांगलं ठाऊक होतं. हाताखाली येणाऱ्या नव्या डॉक्टरांना मी हेच बजावत असे, आणि कुणी आळस केला तर माझा आवाज चढे. आमच्या दवाखान्यात म्हणत, मॅडम तात्यापाऱ्यात रागावल्या तर स्टेशनवर गाडी थांबते. आणि तरीही कमलमावशींच्या घरी मी गप्प बसले. हा लेख खरं म्हणजे त्या गप्प बसण्याबद्दल आहे.

कमलमावशी माझ्या आईच्या मैत्रीण. तात्यापाऱ्यात आमच्यापासून चौथं घर त्यांचं. मी शाळेत जायच्या आधी, दसऱ्याच्या पूजेला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायला मला त्यांनी शिकवलं. माझी सरस्वती दर वेळी एका अंगाला कलायची, आणि मावशी माझा हात धरून ती सरळ करून द्यायच्या. पुढे त्यांच्या मुलाने, प्रशांतने, धमतरी रोडला शहराबाहेर जागा घेऊन घर बांधलं आणि मावशी तिकडे गेल्या. प्रशांत सिलतऱ्याला नोकरीला. त्याची बायको उज्ज्वला नागपूरची. ती एका लहानशा शाळेत शिकवायची. ती शाळा बंद पडली, तेव्हा घरी बसण्याऐवजी उज्ज्वलाने मानाहून हंसांची एक जोडी आणली. एका जोडीच्या चार झाल्या. कळपाचा म्होरक्या होता एक राखाडी नर, छाती काढून चालणारा. मावशींनी त्याचं नाव ठेवलं सुभेदार.

प्रशांतला हा उद्योग पटत नव्हता. आधीच्या हिवाळ्यात बहुतेक अंडी फुकट गेली, तेव्हा नवराबायकोचं ठरलं होतं: अजून एक वर्ष बघायचं. पिल्लं जगली तर कुंपण वाढवायचं. नाही जगली तर मोठे हंससुद्धा देऊन टाकायचे आणि उज्ज्वलाने पुन्हा एखाद्या शाळेत अर्ज करायचा. प्रशांत काही दुष्ट नव्हता. रोज सिलतऱ्याच्या धुरातून घरी येऊन अंगणभर हंसांची घाण बघायला लागली तर मीसुद्धा हेच म्हटलं असतं. पण उज्ज्वलाचा त्या हंसांवर जीव होता. वर्गातल्या मुलांना हाक मारावी तशी ती एकेकाला हाक मारायची, आणि नवल म्हणजे ते यायचे.

हंस साधारण हिवाळ्यात अंडी घालतात. त्या वर्षी उज्ज्वलाच्या माद्या जूनमध्ये, वेळेबाहेर, पुन्हा अंड्यांवर बसल्या. आषाढात बेचाळीस पिल्लं निघाली. तिने मला फोन केला तेव्हा ती हसत होती की रडत होती ते कळेना. मी पेढे खायला गेले. ओलं अंगण, कोवळं गवत, बेचाळीस पिवळे गोळे आणि त्यांच्या मध्ये सुभेदार. मला तेव्हाच धोका दिसायला हवा होता, कारण ओल हाच अळ्यांचा हंगाम. मला फक्त पिल्लं दिसली.

अठराव्या दिवशी पहिलं पिल्लू गेलं. मी पोहोचेपर्यंत तीन गेली होती.

"ताई, खाल्ल्यासारखं करतेत फक्त," उज्ज्वला म्हणाली. "गवत चोचीत धरतेत न् टाकून देतेत. चालता चालता बसून जातेत. मले तं काही समजूनच नाही राहिलं."

"मेलेलं कुठे आहे?"

उज्ज्वलाने सासूकडे पाहिलं. पेरूच्या झाडाखाली मातीचे तीन लहान ढीग होते. प्रत्येकावर हळदीकुंकू आणि जास्वंदीचं एक फूल.

"मी पुरले," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आता पुढचं गेलं तर पुरू नका. मला फोन करा. उघडून बघावं लागेल."

"उघडून म्हणजे?"

"कापून. पोटात काय आहे ते कळेल."

"नाही वं वसू," त्या म्हणाल्या. लहानपणच्या नावाने मला हाक मारणारं आता त्यांच्याशिवाय कुणी उरलेलं नाही. "सरस्वतीचं वाहन हाये ते. आमच्या घरी हंस कापत नाहीत. खाणाऱ्याले बी देत नाही आम्ही. पाळणार असन त्यालेच देतो."

त्या रागाने म्हणाल्या नाहीत. आमच्याकडे चातुर्मासात कांदा आणत नाहीत, असं सांगावं तितक्या साधेपणाने म्हणाल्या. दुसरं कुणाचं घर असतं तर मी तिथेच आवाज लावला असता. घरमालकाला चार शब्द सुनावले असते, हवं तर ढीग उकरून काढला असता. पण समोर कमलमावशी होत्या. मी "बरं" म्हणाले, पिल्लांची विष्ठा डबीत भरून घेतली आणि चहा पिऊन निघाले.

दवाखान्यात मायक्रोस्कोपखाली बघितलं. जंताचं एकही अंडं नाही. पावसाळ्यात निम्म्याअधिक पिल्लांत दिसतो तो दुसराच एक किरकोळ आजार थोडासा दिसला. मी त्यालाच धरून बसले आणि त्याचं औषध दिलं. बुडत्याला काडीचा आधार, तशातली गत. हंसाच्या जठरात राहणारा जंत पिल्लाच्या अंगात शिरल्यावर दोन-तीन आठवडे अंडी घालतच नाही. तोवर तो आत रक्त पिऊन वाढत असतो. पिल्लू मरून जातं आणि विष्ठा साफ निघते. हे मला पाठ होतं. मग निदान मोठ्या हंसांची विष्ठा तरी तपासायची. तीही मी तपासली नाही. सुभेदार एवढा तुकतुकीत, त्याला काय धाड भरली आहे, असं मनाशी म्हटलं.

पुढचे नऊ दिवस मला नीट आठवतात, आणि आठवू नयेत असं वाटतं. रोज फोन यायचा. उज्ज्वला रडायची नाही. ती फक्त आकडा सांगायची. "ताई, आज दोन." "ताई, एक." पिल्लांना ताकद यावी म्हणून ती त्यांना टोपलीत घालून हातपंपाशेजारी न्यायची. पंपाचं पाणी झिरपून तिथलं गवत सगळ्यात कोवळं होतं. ती तिथे उकिडवी बसून एकेक पातं त्यांच्या चोचीपुढे धरायची. मोठे हंसही दुपारी सावलीला तिथेच बसत, आणि बसत तिथेच घाण करत. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. पेरूखालचे ढीग चौदा झाले.

दहाव्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात डबा उघडून बसले होते. दारात ऑटो थांबला आणि कमलमावशी उतरल्या. एकट्याच. या वयात, एवढ्या लांबून. हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी जुन्या सुती साडीचा तुकडा काढला, टेबलावर ठेवला आणि उलगडला. आत पिल्लू होतं.

"सकाळी गेलं," त्या म्हणाल्या. "काप."

मी डबा बंद करून बाजूला सारला.

"उज्ज्वला दोन दिसांपासून जेवून नाही राहिली. मले म्हणते, आई, तुमचं मन मोडायचं नाही मले. भांडली असती तं मी बी भांडली असती. मन मोकळं झालं असतं. ती बोलतच नाही, तेच लागलं मले. सरस्वतीले काय सांगायचं ते मी सांगीन. तू काप."

"मावशी, तुम्ही बाहेर बसा."

"काहून? पुरले तेव्हा बाहेर नव्हती बसली मी."

मी हातमोजे घातले. मावशींनी पिशवीतून कुंकवाचा करंडा काढला, पिल्लाच्या डोक्यावर हळदीकुंकू लावलं, आणि मग खुर्ची ओढून टेबलाशी बसल्या. मी कैची हातात घेतली.

मटणाच्या दुकानात कलेजीबरोबर जो पोटा मागतात, तो म्हणजे पक्ष्याचं जातं. पक्ष्याला दात नाहीत. त्याने गिळलेलं गवत आणि दाणे तिथे वाळूच्या खड्यांबरोबर दळले जातात. त्या पोट्याला आतून एक पिवळं, चामड्यासारखं अस्तर असतं. मी पोटा चिरला, आतलं गवत आणि खडे पाण्याने धुतले, चिमट्याने अस्तराची कड धरली आणि सोलून काढली. चांगल्या पोट्यात खाली गुळगुळीत लालसर मांस दिसतं. इथे काळं, सडलेलं, रक्ताळलेलं होतं, आणि त्यात केसाएवढे बारीक लाल जंत वळवळत होते. पुष्कळ.

मावशींनी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. पदर नाकाला लावला नाही.

"हे याच्या पोटात होते?"

"हो."

"म्हणून खाऊन नव्हतं राहिलं," त्या हळूच म्हणाल्या. "जातंच सडलं. दळन कशानं बिचारं?"

एका वाक्यात त्यांनी जे सांगितलं ते आमच्या पुस्तकात दोन पानं घेतं. मी चिमटा खाली ठेवला. मावशी त्या पोट्याकडे बघत होत्या.

"वसू, खरं सांगजो. पहिलंच कापलं असतं, तं?"

नाही म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून डॉक्टर लोक रोज नाही म्हणतात. पण त्या ऑटोने एवढ्या लांब आल्या होत्या ते खरं बघायलाच.

"वाचली असती, मावशी. सगळी नाही, पण बरीच. पण दोष तुमचा नाही. तुम्हाला हा जंत माहीत नव्हता, मला माहीत होता. तुम्ही नाही म्हणालात ते तुमच्या घरची रीत म्हणून. मी बरं म्हणाले, ते चुकलं."

"तू काहून नाही रागावली माह्यावर? साऱ्या गावावर तं ओरडतेस."

"तुम्ही मला पाटीवर सरस्वती काढायला शिकवलंत."

"मंग?" मावशींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शिकवलं कशासाठी होतं?"

मी मोजे काढले, औषधांची पेटी घेतली आणि त्यांना गाडीत बसवून तशीच धमतरी रोडला निघाले. पिल्लू साडीच्या तुकड्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर घेतलं होतं. तेही पेरूखालीच पुरायचं होतं.

सत्तावीस पिल्लं उरली होती. जंताचं औषध खाण्यात मिसळून देता येतं, पण जे पिल्लू खातच नाही त्याला खाण्यातून काय देणार? एकेकाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं, वजनाप्रमाणे औषध बिनसुईच्या पिचकारीत भरलं आणि चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडलं. मावशी पाय पसरून बसल्या. एकेक पिल्लू मांडीवर घेऊन, मान सरळ धरून माझ्यापुढे करत गेल्या. त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

मग मोठ्यांची पाळी. मी आधी त्यांची विष्ठा तपासायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी निकाल बघितला तर सुभेदाराच्या विष्ठेत जंताची अंडीच अंडी. मावशींना सांगितलं, तर त्या अंगणात गेल्या आणि त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मेल्या, तूच होतास व्हय रे! अन् मी तुले सुभेदार म्हणू राहिली!"

सुभेदाराने मान उंच केली आणि फुत्कारला. त्याला औषध पाजताना उज्ज्वलाने पंख धरले, मी चोच धरली, आणि त्याने माझा दंड धरला. तो डाग हाच. मला त्याचं काही वाटलं नाही. त्या दिवशी कुणीतरी मला चावायला हवंच होतं.

सगळ्यात अवघड होतं ते हातपंपाशेजारचं गवत बंद करणं. मी उज्ज्वलाला समजावून सांगितलं की अळ्या तिथेच आहेत, आता पुढचा उन्हाळा सगळं कडक तापवून काढत नाही तोवर तिथे एकही पिल्लू जायला नको. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मीच चारलं त्यांले. माह्या हातानं."

तिच्या सासूने तिला जवळ ओढलं. "पोट्टी येडी आहे," मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, पण हात सुनेच्या पाठीवर होता. "आई लेकराले चांगलंच चारते. चांगल्यात काय लपलं ते डॉक्टरनं पाहायचं." हा टोला मला होता, आणि तो मी निमूट घेतला. मी बांबू रोवून दोर बांधायला घेतला.

पिल्लं पुढच्या कोरड्या अंगणात धानाच्या भुशावर ठेवली. गवत लांबच्या बांधावरून कापून आणायचं, चारायला सोडायचं नाही. पहिल्या तीन दिवसांत अजून तीन गेली. प्रत्येक वेळी मावशींचाच फोन. "वसू, आणू?" मी म्हणायची, आणा. त्या आणायच्या, हळदीकुंकू लावायच्या आणि शेजारी बसून बघायच्या. तिसऱ्याच्या पोट्यात जंत मेलेले होते आणि जखमेच्या कडा भरून येत होत्या. ते मला त्यांनीच दाखवलं. "हे पाह्य, इथं लाल होऊन राहिलं. औषध लागू पडलं, नाही?" लागू पडलं होतं. या पिल्लाला उशीर झाला होता, एवढंच.

त्यानंतर एकही गेलं नाही. चोवीस उरली. दोन आठवड्यांनी औषधाचा दुसरा फेरा दिला, तेव्हा ती एवढी माजली होती की पकडता पकडता आम्ही तिघी घामाघूम झालो. त्या दिवशी रविवार होता. प्रशांत व्हरांड्यात उभा राहून आमची धावपळ बघत होता. तो माझ्याशी मराठीत कधी बोलत नाही. समजतं सगळं, उत्तर हिंदीत.

"दीदी, एक बात बताइए," तो म्हणाला. "नया बाड़ा बनाना हो तो जगह कौन-सी ठीक रहेगी? सूखी वाली ना?"

उज्ज्वलाच्या हातातलं पिल्लू सुटून पळालं. ती त्याच्यामागे गेली नाही. मी प्रशांतला घराच्या मागची उंचवट्याची जागा दाखवली, जिथे पाणी साचत नाही, आणि तिचे दोन भाग करून आलटून पालटून हंस सोडायला सांगितलं. तो लगेच पावलं टाकून जागा मोजायला लागला.

नोकरीत माझ्या हातून पुष्कळ पक्षी वाचले आणि पुष्कळ गेले. गेलेल्यांची डॉक्टर लोक उजळणी करत बसत नाहीत, नाही तर काम होणार नाही. पण पेरूखालचे ते पहिले चौदा मला अजून मोजता येतात. त्यांतले बरेच माझ्या "बरं"मुळे गेले. त्यानंतर ज्या घरी कुणी म्हणालं, आमच्याकडे कापत नाहीत, तिथे मी हात जोडले, समजावलं, आणि तरी जमेना तेव्हा चक्क कमलमावशींना फोन लावून दिला. त्या काय बोलायच्या ते मला ऐकू यायचं नाही. फोन परत हातात यायचा तेव्हा परवानगी मिळालेली असायची.

त्याच वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी मावशींनी मला बोलावणं केलं. "सकाळी ये. येताना तुझी ते कैची घेऊन येजो."

मी ती उकळून, पुसून, रुमालात गुंडाळून नेली. देवघरापुढे पाट मांडला होता. त्यावर उज्ज्वलाच्या शाळेतली पुस्तकं, प्रशांतचा पाना आणि मध्ये काळी पाटी, कोरी.

"तू काढ," त्या म्हणाल्या आणि खडू माझ्या हातात दिला.

मी एकच्या आकड्यांची सरस्वती काढली. ती कलली. मी मावशींकडे पाहिलं, पण त्यांनी माझा हात धरला नाही. त्यांनी माझ्या रुमालातून कैची काढली, पाटीच्या शेजारी ठेवली, हळदीकुंकू वाहिलं आणि वर झेंडूचं एक फूल ठेवलं. बाहेर नव्या कुंपणात चोवीस हंस एका सुरात कोकलत होते, आणि सगळ्यांच्या वर सुभेदाराचा आवाज.

मावशींनी हात जोडले. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "पुढच्या येळेस मी नाही म्हटलं न वसू, तं माह्यावर ओरडजो. साऱ्या पाऱ्याले ऐकू गेलं पाहिजे."